पाकिटांतले केस: चोविसाव्या वर्षीच्या आनुवंशिक केसगळतीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या तरुणाला इथे समीर म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आला तेव्हा तो २४ वर्षांचा होता आणि सोबत वडील होते. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने बॅगेतून कागदी पाकिटांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि खाली एक आकडा: १४२, १६७, १८०. सकाळी उशीवर पडलेले, आंघोळीनंतर जाळीत अडकलेले, कंगव्यातले असे सगळे केस तो महिनाभर रोज गोळा करून मोजत होता.

कपाळाचे दोन्ही कोपरे एकविसाव्या वर्षापासून मागे सरकत होते आणि भोवऱ्याभोवती टाळू दिसायला लागली होती. वडिलांना तिशीतच टक्कल पडलं होतं. मामाचे केस मात्र पन्नाशीतही दाट. घरात सगळे त्याला धीर द्यायचे, की टक्कल मामावर जातं, तू मामाकडे बघ. त्या भरवशावर पहिली दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी त्याने स्वतःच्या मनाने बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या, रोज १० मिलिग्रॅम.

आमच्याकडे येण्याच्या सुमारे चार महिने आधी त्याला दहा दिवस जोराचा ताप आला होता. ताप गेल्यावर अडीच महिन्यांनी केस अचानक मूठमूठ गळू लागले. घाबरून त्याने एका ठिकाणी हेअर ट्रान्सप्लांटची चौकशी केली. तिथे पुढची रेषा भरून काढायचं ठरलं, तारीखही मिळाली. शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत मात्र थायरॉइडचा अहवाल बिघडलेला आला, टीएसएच कमी आणि टी-४ जास्त, म्हणजे थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याची खूण. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. आधी थायरॉइडचं बघा, असं सांगून त्यांनी त्याला परत पाठवलं, आणि केस थायरॉइडमुळेच गळताहेत का हे विचारायला तो आमच्याकडे आला.

नेमका प्रश्न

समीरच्या मनात प्रश्न एकच होता: ट्रान्सप्लांट कधी करता येईल? मला त्याच्या डोक्यात एकावर एक चढलेल्या तीन गोष्टी दिसत होत्या. तीन वर्षांची सावकाश पातळ होत जाण्याची प्रक्रिया, तापानंतरची अचानक गळती, आणि एक संशयास्पद थायरॉइड अहवाल. त्या वेगवेगळ्या केल्याशिवाय कुठलाही उपाय चालला की फसला हे कळणार नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी पुढे माझ्याकडूनच त्यात गल्लत झाली.

तपासणी

पाकिटं मी बाजूला सारली नाहीत. चार पाकिटं उघडून केस पांढऱ्या कागदावर पसरले. बहुतेक केस लांब, जाड आणि मुळाशी पांढरा ठिपका असलेले होते. म्हणजे आयुष्य संपवून, विश्रांतीच्या अवस्थेतून गळलेले. एक केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, मग तीन महिने नुसता टिकून राहतो आणि गळतो. जोराचा ताप आला की वाढीतले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. समीरच्या तारखा याच्याशी तंतोतंत जुळत होत्या. ही गळती आपोआप थांबते आणि ते केस परत येतात.

पण त्याच कागदावर, लांब केसांच्या मधे, बोटाच्या पेरापेक्षाही आखूड आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक असे बरेच केस होते. समीरने ते मोजलेही नव्हते. त्याला ते तुकडे वाटले होते. ते तुटलेले नव्हते, टोकाकडे निमुळते होत गेलेले पूर्ण केस होते. आनुवंशिक टकलात केसाचं मूळ मरत नाही, आधी ते लहान होत जातं. दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक, आखूड आणि कमी काळ टिकणारा उगवतो. रोज किती गळले यापेक्षा काय गळलं हे जास्त सांगून जातं, आणि त्या आखूड केसांनी निदान जवळजवळ करूनच टाकलं होतं.

मग डोकं तपासलं. पन्नासेक केसांचा पुंजका बोटांत धरून हलकेच ओढला, तर मागच्या बाजूनेही आठ-नऊ केस हातात आले. एरवी आनुवंशिक टकलात मागचा भाग शाबूत असतो, त्यामुळे हा तापाचा परिणाम होता. डर्मोस्कोप या त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली भोवऱ्याजवळ जाड-बारीक केसांची सरमिसळ दिसली, मागे मात्र सगळे केस एका जाडीचे. पुरुषांच्या टकलाचे टप्पे सांगणाऱ्या हॅमिल्टन-नॉरवूड मोजपट्टीवर तिसरी पायरी आणि सोबत भोवरा विरळ.

थायरॉइडचा उलगडा त्याच्या गोळ्यांच्या बाटलीने केला. बायोटिन मोठ्या मात्रेत घेत असताना रक्त दिलं तर काही तपासण्या फसतात. टीएसएच खोटंच कमी आणि टी-४ खोटंच जास्त येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. समीरचा हात थरथरत नव्हता, वजन घटलं नव्हतं, नाडी शांत होती. बायोटिन बंद करून दहा दिवसांनी रक्त पुन्हा तपासलं, अहवाल पूर्ण सामान्य. शरीरात बायोटिनची कमतरता नसेल तर टकलावर त्याचा उपयोग होतो याला आधार नाही. समीरच्या बाबतीत त्या गोळ्यांनी एकच काम केलं, त्याला थायरॉइडचा रुग्ण ठरवण्याच्या उंबरठ्यावर नेलं.

वडील एवढा वेळ गप्प होते. उठताना ते म्हणाले, “डॉक्टर, हे माझ्यामुळंच ना?” तेव्हा मामाचा विषय निघालाच. त्या समजुतीत तथ्य आहे, पण अर्धंच. पुरुष संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहकाचं (रिसेप्टरचं) जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं. पण आईकडे दोन एक्स असतात. मामाकडे गेलेला आणि भाच्याकडे आलेला एकच असेल असं नाही. शिवाय २०१७ मध्ये ५२,००० पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी जोडलेल्या २८७ जनुकीय जागा सापडल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक एक्स गुणसूत्राबाहेरच्या आहेत. म्हणजे वाटा दोन्ही घराण्यांचा. मी म्हटलं, “काका, तुमच्याकडून त्याला बरंच काही आलंय, त्यातलं हे एक. यात चूक कुणाचीच नाही.” ते मान हलवून बाहेर गेले.

पर्याय काय होते

थांबून बघणं. आनुवंशिक टक्कल हा काही शरीर पोखरणारा आजार नाही आणि उपचार न घेणं हाही पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो. मी हे प्रत्येकाला सांगते आणि मनापासून सांगते. समीरला ते नको होतं.

मिनॉक्सिडिल. हे औषध मूळचं रक्तदाबाचं. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि त्यातून डोक्याला लावायचं द्रावण आलं. अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. ते केसांची वाढीची अवस्था लांबवतं. लावायचं बंद केलं की तीन-चार महिन्यांत मिळालेलं सगळं जातं. कमी मात्रेची गोळीही अलीकडे बरेच डॉक्टर देतात, पण टकलासाठी तिला अधिकृत मंजुरी नाही आणि पायांवर सूज, छातीत धडधड, अंगभर लव हे त्रास होऊ शकतात.

फिनास्टेराइड. मूळ कारणाच्या सर्वांत जवळ पोचणारं औषध. टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, तयार होतं आणि तेच आनुवंशिकरीत्या संवेदनशील मुळांना लहान करतं. १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचं वर्णन प्रसिद्ध झालं. तिथल्या काही पुरुषांत हे रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) जन्मतःच अपुरं होतं. त्यांना टक्कल पडत नव्हतं, प्रोस्टेटही लहान राहत होती. फिनास्टेराइड तेच विकर रोखतं. १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये मंजूर झाली. ती रक्तातला डीएचटी जवळजवळ ७० टक्क्यांनी उतरवते.

या गोळीबद्दल समीर भरपूर वाचून आणि भरपूर घाबरून आला होता. सुरुवातीच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के आणि बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के होत्या. आकडा छोटा आहे, पण ज्याला त्रास होतो त्याच्यासाठी तो पूर्ण असतो. काही जणांनी गोळी बंद केल्यावरही तक्रारी राहिल्याचं नोंदवलं आहे. मनाचा प्रश्न त्याहून गंभीर. २०२२ मध्ये एफडीएने या गोळीच्या माहितीपत्रकात आत्महत्येच्या विचारांची नोंद घालायला लावली आणि २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकानेही हा दुष्परिणाम म्हणून मान्य केला.

ड्युटास्टेराइड डीएचटी ९० टक्क्यांहून जास्त उतरवतं. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये ते टकलासाठी मंजूर आहे. पण ते अंगात महिनोन्‌महिने रेंगाळतं, म्हणून चोविसाव्या वर्षी पहिलं औषध म्हणून मी ते निवडत नाही. पीआरपीने, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट टाळूत टोचण्याने, काहींना फायदा होतो, पण तयार करण्याची पद्धत जागोजागी वेगळी असल्याने भरवसा देता येत नाही.

उरला ट्रान्सप्लांट. मागच्या आणि बाजूच्या भागातली मुळं डीएचटीला दाद देत नाहीत आणि पुढे लावली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये हे मांडलं आणि सगळी शस्त्रक्रिया आजही त्यावरच उभी आहे. अडचण अशी की हा साठा ठरलेला असतो, आयुष्यभरात मिळून काही हजार ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट उचलून लावायचे केसांचे छोटे पुंजके. चोविसाव्या वर्षी कपाळाची रेषा सोळाव्या वर्षासारखी खाली आखून त्यात साठा ओतला आणि मागचं टक्कल वाढतच राहिलं, तर पुढे एक दाट पट्टी, तिच्यामागे मोकळी जागा आणि भरायला शिल्लक काही नाही, अशी अवस्था येते. शिवाय त्या वेळी त्याच्या डोक्यावर तापाची गळती चालू होती. कोणते केस जाणारे आणि कोणते परतणारे हेच कळत नसताना शस्त्रक्रिया करणं मला मुळीच पटत नव्हतं.

काय ठरलं

दुसऱ्या भेटीत वडील बाहेर थांबले होते. तेव्हा समीरने सांगितलं की एकोणिसाव्या वर्षी त्याला नैराश्य आलं होतं आणि वर्षभर उपचार चालले होते. पहिल्या भेटीत मी हे विचारलंच नव्हतं. केसांच्या रुग्णाला मनाबद्दल विचारायचं राहून जातं, आणि औषधांच्या यादीत फिनास्टेराइड असताना ते राहून चालत नाही.

म्हणून फिनास्टेराइड तूर्त बाजूला ठेवलं. ट्रान्सप्लांट किमान दोन वर्षं नाही, हे त्याने जड मनाने मान्य केलं. आणि ५ टक्के मिनॉक्सिडिल त्याच दिवशी सुरू केलं, कोरड्या टाळूवर सकाळ-संध्याकाळ १ मिलिलिटर.

जाता जाता तो मोबाइलवर एक फोटो दाखवू लागला, भोवरा दिसावा म्हणून काढलेला. फोटोत उशीवर डोक्याशेजारी मांजर झोपलेली. मी त्याला परत खुर्चीत बसवलं. मिनॉक्सिडिल मांजरांना अगदी थोडं चाटण्यातूनही विषारी ठरतं, जीव जाऊ शकतो. उशीचा अभ्रा रोज बदलायचा, हात धुवायचे, औषध पूर्ण वाळेपर्यंत मांजर जवळ घ्यायची नाही आणि झोपायच्या खोलीत तर नाहीच. हे त्याने काटेकोर पाळलं.

सहावा आठवडा

तापाची गळती ओसरत होती. पाकिटांवरचे आकडे शंभराच्या खाली आले होते. रोज ५० ते १०० केस कुणाचेही गळतात, त्यामुळे तो आनंदात होता. सहाव्या आठवड्यात आकडा पुन्हा १५० वर गेला.

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत अशी गळती पुष्कळांना होते. विश्रांतीतली मुळं लवकर जागी होतात आणि नवा केस जुन्याला बाहेर ढकलतो. हे काही दिवसांत ओसरतं. मी त्याला हे सांगितलं होतं का? सांगितलं होतं, दारात उभं राहून, मांजरीच्या सूचनांनंतर, एका वाक्यात. त्याच्या लक्षात मांजर राहिली.

औषधानेच केस जाताहेत असं ठरवून त्याने बाटली टाकून दिली. फोन केला नाही, भेटीला आला नाही. पाच महिने.

पुन्हा सुरुवात

वडिलांचा फोन आला तेव्हा त्यांनी केसांबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, “तो टोपी घालूनच जेवायला बसतो. घरातसुद्धा काढत नाही.” मी म्हटलं, आधी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटू द्या, मग माझ्याकडे या. त्या क्रमाबद्दल मला आजही शंका वाटत नाही.

सातव्या महिन्यात समीर आला. तापाचे केस परत आले होते, मागचा भाग भरलेला होता. भोवरा मात्र आधीपेक्षा विरळ. आता चित्र स्वच्छ होतं, जे उरलं ते सगळं आनुवंशिक.

या वेळी मिनॉक्सिडिल पुन्हा सुरू करताना कागद घेऊन महिन्यांची रेघ आखली. दुसऱ्या महिन्यापर्यंत गळती वाढेल. चौथ्यापर्यंत आरशात काही दिसणार नाही. सहाव्यात गळती थांबल्याचं कळेल. दाटपणाचा निवाडा बाराव्यात, त्याआधी नाही. पाकिटं बंद करायची ठरली. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी आमच्याकडे फोटो, तीच खुर्ची, तोच दिवा, कोरडे केस, तोच भांग. घरी बाथरूमच्या दिव्याखाली वरून काढलेला फोटो दाट डोक्यालाही विरळ दाखवतो आणि समीर तसे रोज चार फोटो काढत होता.

द्रावणाने टाळूला खाज येत होती, तेही त्याने आता सांगितलं. बहुतेकदा हा त्रास त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. फोममध्ये ते नसतं, म्हणून फोम दिला.

फिनास्टेराइडचा निर्णय तिघांनी मिळून घेतला: समीर, त्याचे मानसोपचारतज्ज्ञ आणि मी. मन वर्षानुवर्षं स्थिर होतं, आत्ताचा उदासपणा केसांभोवतीच फिरत होता, आणि नुसत्या मिनॉक्सिडिलने मुळाचं आकसणं थांबत नाही. १ मिलिग्रॅम सुरू केलं. अटी लिहून घेतल्या: दर महिन्याला मनाची प्रश्नावली, झोप किंवा मनःस्थिती बिघडली तर त्याच दिवशी गोळी बंद आणि फोन, आणि काय बघायचं हे वडिलांनाही ठाऊक असेल. तो नियमित रक्तदान करायचा, तेही थांबवायला सांगितलं. हे रक्त गर्भवतीला दिलं गेलं तर मुलगा असलेल्या गर्भाच्या वाढीला धोका असतो.

दुसऱ्या महिन्यात फोन आला. मन ठीक होतं, पण कामेच्छा कमी झाली होती. असं मोकळेपणाने सांगणं कुणालाही अवघड जातं. त्याने सांगितलं, कारण हे आधी उघड बोललेलं होतं. गोळी बंद केली. सात आठवड्यांत तो पूर्ववत झाला. मग पुन्हा बसलो. तो औषध सोडायला तयार नव्हता, मी गोळी परत द्यायला तयार नव्हते. डोक्याला लावायचं फिनास्टेराइड हा मधला मार्ग निघाला. त्यातूनही औषध रक्तात उतरतं, पण गोळीच्या मानाने डीएचटी कमी घटतो. नव्याने, त्याच अटींवर. या वेळी तक्रार आली नाही.

निकाल

नव्या सुरुवातीनंतर बाराव्या महिन्यात फोटो शेजारी ठेवले. भोवरा स्पष्टपणे भरला होता. डर्मोस्कोपखाली बारीक केसांचं प्रमाण घटलेलं. कपाळाचे कोपरे जसेच्या तसे. तिथली मुळं आकसून फार काळ लोटला होता आणि तिथे औषधांचा हात सहसा पोचत नाही. समीरने फोटो बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, “म्हणजे मागे गेलं नाही.” वाढले का, हे त्याने विचारलं नाही.

चोविसाव्या महिन्यातही स्थिती तशीच टिकून आहे. आता तो सत्तावीस वर्षांचा होतोय आणि ट्रान्सप्लांटचा विषय पुन्हा निघाला आहे, पण वेगळ्या रूपात. दोन्ही कोपऱ्यांत थोडे ग्राफ्ट, रेषा वयाला शोभेल इतकी वर, भोवऱ्याला हात नाही आणि बहुतेक साठा पुढच्या वर्षांसाठी राखून. शस्त्रक्रियेनंतरही औषधं चालू ठेवावी लागतील, कारण लावलेले केस टिकतील पण आजूबाजूचे मूळचे केस आपल्या वाटेने जातच राहतील. निर्णय त्याने अजून घेतलेला नाही. घाईही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक वेळेची. तापाची गळती चालू असताना मी मिनॉक्सिडिल सुरू केलं. दोन गळत्या आधीच एकमेकींत मिसळलेल्या, त्यात तिसरी मी घातली. आठ-दहा आठवडे थांबले असते तर आकडे खाली येताना त्याने स्वतः पाहिले असते, शरीर आपलं आपण सावरतं हा विश्वास बसला असता, आणि मग औषधाची गळती वेगळी ओळखू आली असती. आनुवंशिक टकलात दोन महिन्यांनी काही बिघडत नाही. पाच महिने मात्र वाया गेले. तेव्हा मला वाटत होतं, मुलगा एवढा घाबरलाय, रिकाम्या हाताने कसा पाठवायचा? दिलासा म्हणून औषध दिलं आणि तेच भीतीचं कारण झालं.

दुसरी चूक, सहाव्या आठवड्याची सूचना दारात दिली. आता ती बसून देते, आणि सहाव्या आठवड्यात आमच्याकडून फोन जातो. पूर्वी तो रुग्णाने करायचा असायचा.

मनाबद्दलचे प्रश्न आता पहिल्या भेटीत येतात, आणि सोबत आलेल्या माणसाला थोडा वेळ बाहेर बसवून. वडिलांसमोर समीर ते बोलला नसता.

एका गोष्टीबद्दल माझं मन अजून ठाम नाही. गोळी सुरूच न करता थेट लावायच्या औषधापासून सुरुवात करायला हवी होती का? समीरला हे मी विचारलं. तो म्हणाला, गोळी घेऊन बघितली नसती तर तिच्याबद्दल रोज वाचत बसलो असतो. तशाच इतिहासाचा दुसरा रुग्ण आला तर मी बहुधा लावायच्या औषधानेच सुरुवात करेन.

पाकिटं अजून माझ्या कपाटात आहेत. त्याने ती परत मागितली नाहीत. पहिल्या भेटीला येणाऱ्यांना लांब केस आणि आखूड केस यांतला फरक दाखवायला मी त्यातलं एक कधी कधी त्याच्या परवानगीने उघडते.